पंधरा लिटर जीव

थोरलीला तुम्ही मारलंत, काकांनी नाही. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण तुमच्या टेबलावर कुठलाही कागद दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचला जात नाही हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलंय.

थोरली ही कोणाची जाऊ किंवा नणंद नव्हे. शहराचं सांडपाणी साफ करणाऱ्या आमच्या केंद्रातली ती मोठी टाकी, बारा लाख लिटरची. शेजारची धाकटी सहा वर्षं दुरुस्तीला पडलीय, तिच्यात कबुतरांनी संसार मांडलेत. सगळं शहर मोरीत आणि संडासात जे सोडून मोकळं होतं ते थोरलीत येतं. तळातून ब्लोअर हवा सोडतात, पाणी उकळल्यासारखं खदखदत राहतं आणि त्यात तपकिरी गाळ फिरत असतो. लोकांना वाटतं तो गाळ म्हणजे घाण. तो घाण खाणाऱ्यांचा जमाव आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव, एका थेंबात अख्ख्या शहराच्या डोक्यांपेक्षा जास्त. त्यांनी खाल्लं तर नदीत बरं पाणी जातं. नाही खाल्लं तर आलं तसं जातं.

काका या थोरलीवर चौतीस वर्षं ऑपरेटर आहेत. त्यांना सगळे नाककाका म्हणतात, कारण मीटरनं सांगायच्या आधी ते कठड्याशी उभे राहून एकदा हुंगतात आणि निकाल देतात. "आज हिला हवा कमी पडतेय." नाहीतर, "काल कोणीतरी रंगाचं पाणी सोडलंय, तोंड वाकडं केलंय हिनं." दहात नऊ वेळा बरोबर. मला हे काम त्यांनीच शिकवलं. शाळेनं मला नववीत सोडलं, पुढचं मी रद्दीच्या दुकानातून उचलून वाचत गेलो, म्हणून काका मला पुस्तक्या म्हणतात.

आमच्याकडे पाळी बदलते ती अशी. काचेच्या उंच भांड्यात थोरलीतलं एक लिटर पाणी घ्यायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. गाळ किती खाली बसला आणि वरचं पाणी किती नितळ झालं, ते जाणाऱ्यानं आणि येणाऱ्यानं दोघांनी बघायचं, मग वहीत सही. अर्धा तास दोन माणसं एका भांड्याकडे बघत बसतात, तेव्हा घरचं बोलणं निघतंच. माझं लग्न ठरलं, मोडलं आणि परत ठरलं, ते याच भांड्यापुढे. थोरलीची तब्येत आणि आमची, एकाच बैठकीत बघितली जायची.

मग मुख्य कचेरीतून तुमचा हुकूम आला. विजेचं पॅनल बदलायचं, नऊ दिवस वीज बंद. काका थेट इंजिनिअरसाहेबांकडे गेले. मी दारात उभा होतो.

"साहेब, जनरेटर कधी येतोय?"

"जनरेटर कशाला? सांडपाणी बाहेरून वळवलंय. टाकी नुसती भरलेली राहील."

"नुसती कशी राहील? आत आहेत ना."

"कोण आहे आत?"

"खाणारे," काका म्हणाले.

साहेब हसले. माणूस वाईट नाही, वयानं लहान आहे. "काका, हौद आहे तो. गोठा नाही."

"गोठाच आहे, साहेब. जनावरं लहान आहेत एवढंच."

"वरून मंजुरी आलीय. माझ्या हातात काही नाही."

त्या दुपारी ब्लोअर थांबले. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला केंद्रावर कबुतरांचा आवाज ऐकू आला. त्याच्या आधी काकांनी पंधरा लिटरची एक बादली थोरलीतून भरून घेतली होती. तिला झाकण लावलं, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळलं आणि हळूहळू घरी नेली. घरी वीज होती. माशांच्या काचपेटीला लावतात तो छोटा हवेचा पंप त्यांनी वाटेत विकत घेतला. डोक्यातला हिशोब साधा होता. विरजण राखून ठेवायचं. वीज आली की बादलीचं पिंप करायचं, पिंपाची छोटी टाकी, आणि तिच्यावरून थोरली परत लावायची.

दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो. बादली त्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत होती, पंप गुरगुरत होता. काकू पदर नाकाला लावून भाजी चिरत होत्या.

"ये, बघ आमचं माणूस," त्या मला म्हणाल्या. "चौतीस वर्षं तिचा वास अंगावर घेऊन यायचे. आता तिलाच घेऊन आलेत."

"चार दिवसांचा प्रश्न आहे," काका म्हणाले.

"सवतीला आणणारे सगळे असंच म्हणतात."

काका बादलीपाशी उकिडवे बसले होते. "उपाशी आहे रे ही. तिथे दिवसभर खायची सवय. इथे काय देऊ?"

"थोडी साखर द्या," मी म्हणालो. हे मी म्हणालो, लिहून घ्या. "चिमूटभर. मी वाचलंय कुठेतरी."

मी गेल्यावर काकांनी चिमूट घातली. मग त्यांना वाटलं, चिमटीनं कुणाचं पोट भरतं? मुठी घातल्या, तीन. माहेरपणाला आलेल्या लेकीला कोणी मोजून वाढतं का? चौतीस वर्षं थोरलीला मीटर बघून जेवू घालणारा माणूस, पण बादली घरात आली आणि त्यांचा हात सैल सुटला. साखर मिळाल्यावर आतल्यांनी खायचा सपाटा लावला, खायला हवा लागते, आणि त्या खेळण्यातल्या पंपाची हवा पुरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बादली पांढुरकी झाली होती आणि आंबट वास मारत होती.

काका केंद्रावर आले, वही उघडली आणि नेहमीच्या अक्षरात लिहिलं: "थोरलीतली पंधरा लिटर घरी नेली होती. तीन मुठी साखर घातली. हवा पुरली नाही. आंबली. चूक माझी." खाली सही. केंद्रावर वीज नव्हती, काम नव्हतं, साहेब नव्हते. कोणी विचारलं नव्हतं. तरी लिहिलं, कारण चौतीस वर्षं घडलेलं सगळं त्यांनी लिहिलंय.

नवव्या दिवशी वीज आली तेव्हा थोरली डांबरासारखी काळी होती आणि सडक्या अंड्यांचा वास फाटकापर्यंत येत होता. काका कठड्याशी गेलेच नाहीत.

शेजारच्या शहराच्या केंद्रातून एक टँकर चांगला गाळ आणायची परवानगी आम्ही मागितली. तुम्ही लिहून कळवलंत, घाण पदार्थाची वाहतूक नियमात बसत नाही, निसर्ग आपोआप आपलं काम करेल. बरं. आम्ही काळं पाणी उपसून काढलं, थोडं तळाला ठेवलं, ब्लोअर लावले, सांडपाणी आत घेतलं आणि आपोआपची वाट बघत बसलो. तोवर शहराचं पाणी होतं तसं नदीत जात होतं. खालच्या वस्त्यांतली माणसं ओरडायला लागली, पेपरात फोटो आला, आणि तुम्हाला एक मान पाहिजे झाली. ती वहीत सहीसकट मिळाली.

नोटीस आली तेव्हा काका लॅबमध्ये होते. लॅबताई आमच्याकडे पाणी तपासतात. रोज दुपारी चहाच्या वेळेला त्या एक थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आणि आम्ही दोघं आळीपाळीनं डोळा लावायचो. काकांनी नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि परत डोळा लावला.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"जैविक संवर्धन, म्हणजे आपले खाणारे, निष्काळजीपणानं मृत होऊ दिलं. विनापरवाना घरी नेलं. अनधिकृत पदार्थ मिसळला." काचेवरून डोळा न काढता ते म्हणाले. "साखरेला अनधिकृत पदार्थ म्हणतात, काकूला सांगायला पाहिजे. ताई, इथे काहीच दिसत नाही."

"दिसतंय. नीट बघा, ठिपके थरथरतायत. कालच्यापेक्षा जास्त आहेत."

"वरून लिहून आलं तसं, आपोआप आले?"

लॅबताई रागावत नाहीत, पण त्यांनी कप खाली ठेवला. "आपोआप काही येत नाही, काका. पाणी उकळा, बाटलीत घाला, तोंड बंद करा. वर्षभर ठेवा. काही येणार नाही. हे आलेत सांडपाण्यातून. माणसांच्या पोटातून, मातीतून."

"आणि पोटात कुठून?"

"आईकडून, खाण्यातून, हाताबोटांवरून. जिवंतातूनच जिवंत येतं."

काकांनी आता डोळा काढला. "मग पहिल्याला कोणाचं विरजण लावलं?"

मी हा प्रश्न निदान चार पुस्तकांत वाचला होता, पण असा ऐकला नव्हता. लॅबताई म्हणाल्या, "पहिल्याला कोणाचंच नाही. दूध पण नव्हतं आणि विरजण पण नव्हतं. दगड, पाणी आणि ऊन. नाहीतर समुद्राच्या तळाशी भेगा असतात, तिथून गरम पाणी वर येतं, लोखंड, गंधक घेऊन. त्या दगडाला बारीक बारीक छिद्रं. काही जण म्हणतात, त्या छिद्रांत पदार्थ साठत गेले, एकमेकांना चिकटत गेले, आणि कधीतरी त्यातल्या एकाला स्वतःसारखा दुसरा बनवता यायला लागला. मग भोवती पातळ कातडी आली. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

"कोणी बघितलं?"

"कोणी नाही. प्रयोगशाळेत तुकड्या-तुकड्यांनी काही काही जमलंय, अख्खं कोणाला जमलेलं नाही. खरं सांगायचं तर अजून माहीत नाही, काका."

"हे बरं," काका म्हणाले. "माहीत नाही म्हणणारं माणूस खात्यात मला पहिल्यांदाच भेटलं."

"आणि आता का होत नाही नवीन?" मी विचारलं. "भेगा आहेत, लोखंड आहे."

"झालं तरी टिकणार कसं? अर्धंमुर्धं काही तयार झालं की आधीचे येऊन खाऊन टाकतात."

काका पहिल्यांदाच हसले. "म्हणजे नवीन भरती बंद. जुने जागा अडवून बसलेत."

ताईही हसल्या. मग त्यांनी फडताळातून एक बाटली काढली. उपसायच्या आधी थोरलीतून घेतलेलं काळं पाणी होतं ते. त्याचा थेंब ठेवला आणि काकांना बोलावलं. "तुम्ही म्हणता मेली. बघा."

काकांनी बघितलं, मग मी. चांगल्या दिवसांत घंटेसारखे देठावर डोलणारे जे जीव दिसायचे, त्यांची नुसती टरफलं पडली होती. पण काळ्या कणांच्या मधून बारीक काड्या संथ सरकत होत्या.

"यांना हवा चालत नाही," ताई म्हणाल्या. "हवा यांना विष. पृथ्वीवर पहिली अब्जावधी वर्षं श्वास घेण्यासारखी हवाच नव्हती, तेव्हा असलेच होते सगळीकडे. हवा आली तेव्हा चिखलात, तळात, पोटात जाऊन लपले. तुमचा ब्लोअर बंद झाला आणि यांना घर परत मिळालं. आपण नाक दाबतो तो वास फार जुना आहे, काका. आपल्यापेक्षा त्याचा हक्क जास्त."

मला त्या वेळी एकच गोष्ट कळली आणि ती मी अजून विसरत नाही. ते पहिलं जे काही लागलं, ते तेव्हापासून एकदाही तुटलेलं नाही. काचेखालची काडी, कबुतर, काकू, तुम्ही, सगळ्यांच्या मागे न तुटलेली एकच रांग आहे. साडेतीन अब्ज वर्षं, कदाचित जास्त, आणि त्यात एका दिवसाचा खाडा नाही. या रांगेला नऊ दिवस सुट्टी द्यायचा कागद तुम्ही एका सकाळी काढलात.

घरी जाताना मी ताईंना गाठलं. "चौकशीत एवढंच सांगा, की थोरली मेलीच नव्हती. हे आत्ता दाखवलंत तेच. मेलीच नाही तर मारली कोणी? काका सुटले."

"आणि बादली?"

"बादलीत पण काहीतरी उरलंच असेल."

"असेल," ताई म्हणाल्या. "काकांना विचारा."

काकांना विचारलं. ते सायकलचं कुलूप काढत होते. "पुस्तक्या, तुझ्या घरचे सगळे गेले आणि माळ्यावर उंदीर राहिले, तर घर नांदतंय म्हणशील?"

चौकशी वीज परत आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी झाली, केंद्राच्याच वरच्या खोलीत. चौकशी अधिकारी बाहेरून आले होते. सभ्य, थकलेले, पुढ्यात फाईल. निवृत्तीला महिना-सव्वा महिना राहिलेला माणूस समोर बसलाय हे त्यांनाही बोचत असावं. आरोप सिद्ध झाला तर काका बडतर्फ होणार होते आणि चौतीस वर्षांवर एका शब्दाची काट बसणार होती.

"लॅब काय म्हणते?" त्यांनी विचारलं. "टाकीतलं संवर्धन मेलं होतं का?"

"हवेवर जगणारे मेले," लॅबताई म्हणाल्या. "हवेशिवाय जगणारे वाढले."

"मेलं की नाही, एवढंच सांगा."

"साहेब, प्रश्नाला दोनच उत्तरं ठेवलीत ती तुम्ही. आत काय होतं ते मी सांगितलं."

"जिवंत म्हणजे काय म्हणायचं मग, शास्त्रानुसार?"

"एक वाक्य नाही शास्त्राकडे. पण खातं, टाकाऊ बाहेर टाकतं, स्वतःला बाहेरच्यापासून वेगळं राखतं, आणि आपल्यासारखं दुसरं बनवतं."

अधिकारी जरा सैलावले. "या हिशोबानं आमचं ऑफिसही जिवंत म्हणायचं."

"तीन गोष्टी जुळतात, साहेब," काका म्हणाले. "टाकाऊ बाहेर टाकत नाही."

अधिकारी हसले. त्यांचा कारकून खाली बघून हसला. मग त्यांनी काकांसमोर वही उघडून ठेवली आणि विचारलं, ही नोंद तुमची का. काका हो म्हणाले. मी मध्ये बोललो, की साखर मी सुचवली होती. काकांनी हातानं मला थांबवलं.

"यानं चिमूट सांगितली होती. मुठी माझ्या. साहेब, टाकीचं मला विचारू नका, टाकी माझ्या हातून काढून घेतली होती. बादली माझ्या हातात होती. बादलीतले जीव मी मारले. ते लिहा."

त्यांनी ते लिहिलं.

मग मी फाईल बघायला मागितली. अधिकाऱ्यांनी दिली, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यात वीज तोडायच्या मंजुरीचा अर्ज होता, तुमच्या कचेरीत भरलेला. त्यावर एक रकाना होता: "सजीव भार." खाली बारीक अक्षरात खुलासा: दवाखाने, कोंबड्यांची खुराडी, मत्स्यतलाव अशा ठिकाणी पर्यायी सोय केल्याशिवाय चार तासांपेक्षा जास्त वीज तोडू नये. समोर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, तुमच्यापैकी कोणीतरी लिहिलं होतं: "लागू नाही."

मी ते अधिकाऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हा मुद्दा माझ्या चौकशीच्या कक्षेत येत नाही."

म्हणजे काय ते मी माझ्या भाषेत मांडतो, नववीपर्यंतच्या. पंधरा लिटर पाणी सायकलवरून काकांच्या पडवीत गेलं की त्यात जीव येतो, आणि तो मारल्याची शिक्षा होते. तेच पाणी बारा लाख लिटर असलं, तुमच्या मालकीच्या हौदात असलं, की त्यात जीव नसतो, आणि ते नऊ दिवस हवा तोडून मारल्याबद्दल कोणाचं नावसुद्धा विचारायचं नाही. दगडातून जीव कसा झाला हे जगातल्या शहाण्यांना सुटलेलं नाही. तुम्ही मात्र निळ्या शाईत जिवाचा दगड करून दाखवलात, दोन शब्दांत.

थोरली आता बरी आहे. आधी थरथरणारे ठिपके, मग भरभर पोहणारे, मग त्यांना खाणारे, असे एकामागून एक आले. एकतिसाव्या दिवशी ताईंनी आम्हाला हाक मारली. काचेखाली एका देठावर एक घंटा डोलत होती. एकच. काका बघत राहिले, मग माझ्यासाठी बाजूला झाले. "आली," एवढंच म्हणाले. ताईंनी सांगितलं, बादली वाचली असती तरी फार तर आठवडा वाचला असता. हे त्या चौकशीत लेखी द्यायला तयार आहेत. तुम्ही मागितलेलं नाही.

हा कागद मी लिहितोय हे काकांना माहीत नाही. ते म्हणतात, जाऊ दे रे, बादली मीच मारली ना. मी त्यांच्यासाठी दया मागत नाही. त्यांनी चूक केली आणि ती स्वतःच्या हातानं लिहिली. मला तुमच्याकडून तेवढंच पाहिजे.

महिनाअखेरीला काका निवृत्त होतात. बडतर्फीचा आदेश तुमच्याकडे सहीला पडलाय, हे आम्हाला कळलंय. सही करायच्या आधी मला उत्तर द्या. बादलीत जीव होता का? असेल, तर टाकीतला कोणी मारला, त्याचं नाव आणि हुद्दा लिहा आणि काकांच्या शेजारी त्यालाही उभं करा. नसेल, तर काकांनी काय मारलं ते सांगा. शुक्रवारी दोन वाजता माझी पाळी संपते. अडीचला मी तुमच्या दारात असेन. कक्षा, नियम आणि निसर्ग मला सांगू नका. हो की नाही ते लिहा, आणि लिहिणाऱ्यानं खाली स्वतःचं नाव घाला.